शाळेत कौटुंबिक वाचनरात्र घ्यायची आहे. नियोजनाबाबत अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे

कोपरखैरणेची_पालक

नमस्कार. माझी मुलगी कोपरखैरणे येथील एका सेमी-इंग्रजी शाळेत तिसरीत शिकते आणि यंदा मी तेथील पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर आहे. पहिली ते चौथीच्या मुलांनी एका संध्याकाळी आई, वडील, आजी-आजोबा किंवा मोठ्या भावंडांसह शाळेत यावे, सर्वांनी एकत्र बसून पुस्तके वाचावीत आणि घरी जावे, असा साधा प्रस्ताव मुख्याध्यापिकांनी मांडला आणि तो मंजूरही झाला. मात्र त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत त्याला एवढे फाटे फुटले, की मूळ कल्पना कोठे गेली हेच कळेनासे झाले.

एका सदस्यांना दीपप्रज्वलन आणि प्रमुख पाहुणे हवे आहेत. दुसऱ्यांना कथाकथन स्पर्धा व तीन क्रमांकांची पारितोषिके हवी आहेत. आणखी एकांनी मुलांना गोष्टीतील पात्रांच्या वेशभूषेत आणण्याची सूचना केली, तर एका सदस्यांच्या मते एखाद्या विक्रेत्याला पुस्तकांचा कक्ष मांडू दिल्यास त्याच्याकडून काही रक्कम मिळून मंडपाचा खर्च निघेल. वाचनासाठी मंडप कशाला लागतो, हे मी विचारले नाही; परंतु डिसेंबरमधील स्नेहसंमेलनाची रंगीत तालीमच होणार, अशी धास्ती मात्र मनात राहिली.

आमच्या पालकांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. काही जण महापे आणि ऐरोली येथील आयटी कंपन्यांत आहेत, बरेच जण वाशीच्या एपीएमसी बाजारात माथाडी कामगार आहेत, काही रिक्षा चालवतात, काही माता घरकामाला जातात. जवळच्या मूळ गावांतील आगरी-कोळी कुटुंबे आहेत आणि उत्तर भारतातून आलेली हिंदीभाषक कुटुंबेही आहेत. काही पालकांना वाचता येत नाही किंवा येत असले तरी चारचौघांत वाचण्याचा संकोच वाटतो, हे आम्हांला ठाऊक आहे. अशा पालकांना वगळून ही संध्याकाळ पार पडली तर तिला कौटुंबिक म्हणण्यात काही अर्थ नाही, असे माझे मत आहे.

तारीख म्हणून १५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती आणि आपल्याकडील वाचन प्रेरणा दिन, सुचवण्यात आली आहे. वेळ शुक्रवारी सात ते नऊ असावी, असा एक प्रवाह आहे. संघाकडे निधी फारसा नाही आणि शुल्क घेऊ नये यावर एकमत आहे. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके आहेत. पण त्यांतील पुष्कळशी कपाटात जपून ठेवलेली, मोठ्यांच्या वाचनाची आहेत. मुलांची पुस्तके कोठून आणावीत, दोन तासांत नेमके काय करावे आणि न वाचणाऱ्या पालकांना सामावून कसे घ्यावे, याविषयी ज्यांनी असे उपक्रम पाहिले वा केले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

नौपाडा_ग्रंथपाल

आपल्या समितीतील सर्व सूचना एका रेषेने खोडता येतात, आणि ती रेषा म्हणजे व्यासपीठ नसणे. व्यासपीठ मांडले की समोर श्रोते बसतात, श्रोते बसले की पाहुणे लागतात, पाहुणे आले की त्यांची ओळख, सत्कार आणि मनोगत येते, आणि ज्या मुलाने आजीला सोबत आणले आहे ते मूल तासभर हाताची घडी घालून बसते. म्हणून सभागृह वापरूच नका. तळमजल्यावरील चार-पाच वर्ग घ्या, बाके भिंतीला लावा, मधल्या जागेत सतरंज्या अंथरा आणि प्रत्येक कुटुंबाला आपापला कोपरा धरू द्या. ध्वनिक्षेपकाची गरज पडता कामा नये. ती पडली तर कार्यक्रम पुन्हा सभेकडे वळला आहे, असे समजावे.

वर्ग इयत्तेनुसार वाटू नयेत, कारण एकाच घरातील पहिलीचे आणि चौथीचे मूल वेगळे बसवावे लागेल. त्यापेक्षा साहित्यप्रकारानुसार वाटावेत. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे निरनिराळ्या घरांत निरनिराळ्या प्रकारचे साहित्य ठेवलेले असते आणि वाचक एका घरातून दुसऱ्या घरात जातो. तीच पद्धत लहान प्रमाणावर शाळेत करता येते. एका वर्गात प्राण्यांच्या आणि लोककथांच्या गोष्टी, दुसऱ्यात विज्ञान व माहितीपर पुस्तके, तिसऱ्यात कविता आणि बडबडगीते, चौथ्यात केवळ चित्रपुस्तके. कुटुंबाने वाटेल तेथे जावे, वाटेल तेवढा वेळ बसावे. घंटा वाजवून सर्वांना एकदम पुढच्या वर्गात हाकलण्याचा मोह आयोजकांना हमखास होतो. तो आवरावा, कारण रमलेल्या मुलाला अर्ध्या गोष्टीतून उठवणे हे वाचनाची गोडी लावण्याच्या नेमके उलट आहे.

दोन तासांची विभागणी साधी ठेवावी. पहिली पंधरा मिनिटे लोक येत राहतील, तोवर पुस्तके चाळणे चालू द्यावे. त्यानंतर प्रत्येक वर्गात एका शिक्षिकेने किंवा पालकाने एक छोटी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी, दहा मिनिटांहून अधिक नाही, म्हणजे गोष्ट कशी वाचायची याचा नमुना पालकांना दिसेल. मग सुमारे पाऊण तास ज्याचे त्याने वाचावे. शेवटी खाणे आणि घरी नेण्यासाठी पुस्तक निवडणे. यापलीकडे काही भरायला जाऊ नये.

पुस्तके किती लागतील, हा प्रश्न नेहमी उशिरा लक्षात येतो. मुलांच्या संख्येच्या किमान दुप्पट पुस्तके मांडलेली असावीत, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत चांगली पुस्तके उचलली जातात आणि उरलेल्यांच्या हाती चरित्रांचे जाड खंड येतात. पहिली-दुसरीसाठी मोठ्या अक्षरांची, जोडाक्षरे नसलेली किंवा अगदी मोजकी असलेली पुस्तके वेगळ्या टोपलीत ठेवावीत. मुलाला जे पुस्तक अडखळत वाचता येते ते आईवडिलांसमोर वाचताना त्याला लाज वाटते, म्हणून त्याच्या पातळीपेक्षा किंचित सोपे पुस्तक त्या संध्याकाळी अधिक उपयोगी पडते.

स्रोतांविषयी बोलायचे तर पुस्तके विकत घेण्याआधी तीन ठिकाणे पाहावीत. ‘बालभारती’कडून १९७१ पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला उपलब्ध आहेत. शिक्षिकांनी त्यांतून वाचून दाखवण्याजोग्या गोष्टी आधीच शोधून ठेवाव्यात. ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर मराठीतील चित्रकथा पातळीनुसार लावलेल्या आहेत, आणि त्या मुक्त परवान्याखाली असल्याने लेखक, चित्रकार व प्रकाशक यांचा नामनिर्देश राखून छापून घेता येतात. आपल्यासारख्या तुटपुंज्या निधीच्या संघाला हा मोठाच आधार आहे. तिसरे ठिकाण म्हणजे जवळचे सार्वजनिक ग्रंथालय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली अनुदान मिळणारी अनेक ग्रंथालये आपल्याकडे आहेत, आणि ठाण्यात तर १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. कोणत्याही ग्रंथालयाकडे मुख्याध्यापिकांच्या सहीचे पत्र घेऊन जावे आणि एका संध्याकाळीपुरती बालविभागातील पुस्तके मिळतील का, हे विचारावे. परत करण्याची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव पत्रातच असले की चर्चा लवकर संपते.

प्रताधिकाराबद्दल एक खुलासा. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये, शिक्षणसंस्थेच्या उपक्रमांच्या ओघात तिचे कर्मचारी आणि विद्यार्थी यांनी साहित्यकृतीचे केलेले सादरीकरण हे उल्लंघन ठरत नाही, अशी तरतूद आहे. मात्र श्रोते हे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी थेट संबंधित व्यक्ती यांच्यापुरतेच मर्यादित असले पाहिजेत. तेव्हा शिक्षिकेने गोष्ट वाचून दाखवण्यास हरकत नाही. पण एखादे आवडते पुस्तक पूर्णच्या पूर्ण झेरॉक्स करून दोनशे मुलांना वाटणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती करू नये.

राहिला विक्रीकक्षाचा प्रश्न. माझा त्याला विरोध आहे, आणि तो पुस्तकविक्रीला नसून त्या संध्याकाळी होणाऱ्या विक्रीला आहे. ज्या वडिलांच्या खिशात दोनशे रुपये नाहीत, त्यांना मुलाचा हात धरून त्या कक्षासमोरून जावे लागेल. विक्री करायचीच असेल तर ती दुसऱ्या दिवशी ठेवावी.

घणसोली_गाववाला

ग्रंथपालांनी मांडणी उत्तम सांगितली आहे. मी फक्त न वाचणाऱ्या पालकांबद्दल लिहितो, कारण मी अशाच घरात वाढलो. माझे वडील सही करत असत, त्यापलीकडे अक्षरांशी त्यांचा संबंध नव्हता, आणि शाळेतून पालकांना बोलावणे आले की ते आईला पाठवत व आई शेजारणीला. शाळेत बोलावणे म्हणजे एकतर तक्रार किंवा पैसे, हे समीकरण आजही अनेक घरांत तसेच आहे. त्यात आमंत्रणावर ‘वाचन’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापला, तर आपल्याला तेथे उभे करून काही वाचायला लावतील, या भीतीने नेमके तेच पालक येणार नाहीत ज्यांच्यासाठी आपण हे करत आहात.

म्हणून आमंत्रण तोंडी द्यावे. व्हॉट्सॲप गटावर पाठवलेली पत्रिका ज्यांना वाचता येते तेच वाचतात. शाळा सुटताना फाटकापाशी जे पालक मुलांना न्यायला येतात त्यांना वर्गशिक्षिकेने समोरासमोर सांगावे: “शनिवारी संध्याकाळी मुलाबरोबर बसायला या, गोष्टी आहेत, खाऊ आहे, कोणाला काही विचारणार नाही.” यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. गटावर पाठवायचेच असेल तर शिक्षिकेच्या आवाजातील अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश पाठवावा.

प्रत्यक्ष संध्याकाळी अशा पालकांसाठी तीन वाटा उघड्या ठेवता येतात. पहिली वाट शब्दच नसलेल्या चित्रपुस्तकांची. या पुस्तकांत गोष्ट पूर्णपणे चित्रांतून पुढे जाते. ती कोणत्याही भाषेत सांगता येते आणि त्यात चूक होऊ शकत नाही. एम.ए. झालेली आई आणि कधीच शाळेत न गेलेली आई या पुस्तकासमोर एकाच जागी असतात. दुसरी वाट म्हणजे मुलाने वाचायचे आणि मोठ्यांनी ऐकायचे. तिसरीचौथीच्या मुलाला आपण आईला काहीतरी देत आहोत याचा जो अभिमान वाटतो तो शाळेतल्या कोणत्याही पारितोषिकाने वाटत नाही. मात्र ऐकणाऱ्याने अधूनमधून काही विचारले पाहिजे, हे पालकांना आधी सांगावे, नाहीतर मूल घडाघडा वाचून मोकळे होते.

तिसरी वाट आजी-आजोबांची. आमच्या घणसोली, गोठिवली, तळवली या गावांतील जुन्या घरांत अजूनही अशा आज्या आहेत की ज्यांना खाडीच्या, मिठागराच्या, भातशेतीच्या काळातल्या गोष्टी पाठ आहेत. नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको १९७० साली आली आणि त्यानंतर या जमिनींवर शहर उभे राहिले. आज शाळेच्या मागे जेथे सेक्टर आहे तेथे भात लावलेले आजींनी पाहिले आहे. एका वर्गात सतरंजीवर दोन आज्यांना बसवा आणि त्यांना आगरी बोलीतच सांगू द्या. “जरा शुद्ध भाषेत सांगा” असे कोणीही म्हणू नये, ही विनंती मी कळकळीने करतो, कारण ते वाक्य आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकले आहे की पुढे घरी स्वतःच्या मुलांशीही बोली बोलणे सोडून दिले. सांगितलेली गोष्ट एखाद्या शिक्षिकेने तेथेच लिहून घेतली, तर आठवड्याभरात तिचे चार पानांचे पुस्तक होईल, मुले चित्रे काढतील आणि शाळेच्या ग्रंथालयात कोठेही विकत न मिळणारे पुस्तक दाखल होईल.

हजेरी घेऊ नका. “किती पालक आले नाहीत” याची यादी दुसऱ्या दिवशी वर्गात वाचली गेली, तर पुढच्या वर्षी ती मुलेही येणार नाहीत.

ट्रान्सहार्बर_प्रवासी

केवळ वेळेबद्दल. शुक्रवारी सात ही वेळ कागदावरच शोभेल. मुंबईत नोकरी करणारा पालक ठाण्याला किंवा वाशीला गाडी बदलून कोपरखैरण्याला पोहोचतो तेव्हा अनेकदा साडेसात-आठ वाजलेले असतात. दुसरीकडे, भाजीपाला बाजारातील कामगारांचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो, त्यामुळे नऊपर्यंत चालणारा कार्यक्रम म्हणजे त्यांच्या झोपेवर घाला. शनिवारी साडेपाच ते साडेसात ही वेळ बहुतेकांना जमण्यासारखी आहे. ‘रात्र’ हा शब्द मुलांना आवडतो म्हणून उशिरा ठेवायचे असेल, तर नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो; सव्वासहाला अंधार पडलेला असेल आणि शाळेत अंधारात येण्याचे अप्रूप मुलांना तेवढ्यात मिळून जाईल. रविवारचा विचारही करू नये. मेगाब्लॉक असतो आणि नातेवाइकांकडे जाण्याचा तोच एक दिवस असतो.

निवृत्त_शिक्षिका_ठाणे

वेळेविषयी वरील सूचना मला पटते, मात्र शनिवारची संध्याकाळ ही शिक्षिकांचीही असते, हे येथे कोणी म्हटलेले दिसत नाही. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, प्रशिक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतून प्राथमिक शिक्षिकेला जो वेळ उरतो त्यावर आणखी एक उपक्रम टाकताना तिची संमती विचारली पाहिजे. मुख्याध्यापिकांनी बदली सुट्टीचे आश्वासन लेखी द्यावे आणि सतरंज्या घालणे, पाणी भरणे, खाऊ वाटणे, शेवटी वर्ग पूर्ववत करणे ही सर्व कामे पालकांनी उचलावीत. शिक्षिकांकडे फक्त गोष्ट वाचण्याचे आणि पुस्तके सुचवण्याचे काम असावे, कारण ते त्यांच्याइतके चांगले कोणाला जमणार नाही.

तारखेबद्दल माझे मत १५ ऑक्टोबरच्या विरुद्ध आहे. त्या दिवशी शाळांमध्ये वाचन प्रेरणा दिनाचा कार्यक्रम होतोच, त्याची छायाचित्रे व अहवाल पाठवायचे असतात, आणि तो काळ नवरात्र, सहामाही परीक्षा व दिवाळीची सुट्टी यांच्या कात्रीत सापडतो. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिनही याच कारणाने टाळावा, त्या दिवशी भाषणांना आवर घालणे कोणालाच शक्य नसते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुले शाळेत स्थिरावली आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी अजून सुरू झालेल्या नाहीत, असा नोव्हेंबरअखेरचा जो आठवडा मिळतो तो सर्वांत बरा. कोणताही ‘दिन’ नसलेली तारीख असली की कार्यक्रम वाचनापुरताच राहतो.

कथाकथन स्पर्धेविषयी थोडे विस्ताराने लिहिते. स्पर्धेत जिंकणारे मूल बहुधा ठरलेले असते. ते आधीपासूनच वाचते, त्याची आई त्याच्याकडून महिनाभर पाठांतर करून घेते आणि उरलेली मुले टाळ्या वाजवतात. परंतु स्पर्धा नको असेल तर तिच्या जागी पालकांना काहीतरी करण्याजोगे दिले पाहिजे, अन्यथा बरेच वडील वर्गाबाहेर उभे राहून मोबाइल पाहतात. मला यासाठी एका जुन्या अभ्यासाचा उपयोग होत आला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या काही पालकांना पुस्तक वाचताना मुलाला मोकळे प्रश्न विचारायला, त्याच्या उत्तरात भर घालायला आणि हळूहळू त्यालाच गोष्ट सांगू द्यायला शिकवले. दुसऱ्या गटातील पालकही जवळजवळ तितकेच वाचत होते, पण नेहमीच्या पद्धतीने. महिनाभरानंतर पहिल्या गटातील मुलांची बोलण्यातील भाषा पुढे गेलेली आढळली. आपली मुले वयाने मोठी आहेत आणि हा प्रयोग जसाच्या तसा त्यांना लागू होतो असे मी म्हणणार नाही; तरी गोष्टीवर बोलणे हे निव्वळ वाचून संपवण्याहून अधिक देते, ही त्यातील दिशा वर्गात मी वर्षानुवर्षे पडताळली आहे.

तेव्हा प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर चार प्रश्न लिहून ठेवावेत: आता पुढे काय होईल असे तुला वाटते? तू त्याच्या जागी असतास तर काय केले असतेस? या चित्रात तुला काय खटकते? आपल्या घरी असे कधी झाले होते का? शिक्षिकेने नमुनावाचन करताना हेच प्रश्न वापरावेत, म्हणजे ज्यांना फळा वाचता येत नाही त्यांनाही ते ऐकून उमगतील. एक पथ्य मात्र पाळावे. “या गोष्टीचे तात्पर्य काय?” हा प्रश्न त्या संध्याकाळी कोणीही विचारू नये. तो ऐकताच मूल पुस्तक मिटते.

सुरक्षिततेबाबत हयगय नको. मूल कोणाबरोबर आले आणि कोणाबरोबर गेले, याची फाटकावर नोंद व्हावी. ही नोंद मुलांची आहे, पालकांच्या हजेरीची नव्हे, असे सांगितले की कोणाला वावगे वाटणार नाही. वरचे मजले कुलूपबंद असावेत, स्वच्छतागृहांकडे जाणाऱ्या मार्गिकेत दिवे चालू असावेत आणि तेथे एक महिला कर्मचारी असावी. एकटे आलेले मूल परत पाठवू नये. त्याच्याबरोबर बसायला दोन-तीन स्वयंसेवक आजी-आजोबा मोकळे ठेवावेत, कारण ज्याचे आईवडील दोघेही त्या वेळी कामावर आहेत असे मूल येणारच. धाकट्या, रांगत्या भावंडांसाठी जाड पुठ्ठ्याची पुस्तके आणि एक निराळी सतरंजी असली की आयांना उसंत मिळते.

खाण्यात तेलकट काही नसावे. वडापाव सर्वांना आवडतो, पण त्याचे डाग पुस्तकांवर वर्षभर दिसतात. चुरमुरे, चिक्की आणि केळी पुरेशी आहेत, आणि तीही शेवटीच द्यावीत.

कोपरखैरणेची_पालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल समितीची बैठक झाली, तीत मी आपले प्रतिसाद वाचून दाखवले. व्यासपीठ, प्रमुख पाहुणे आणि विक्रीकक्ष रद्द झाले. स्पर्धेचा आग्रह धरणाऱ्या सदस्यांनी सुरुवातीला हरकत घेतली, परंतु फळ्यावरील प्रश्नांची कल्पना त्यांना आवडली आणि ते लिहिण्याची जबाबदारी त्यांनीच घेतली. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, साडेपाच ते साडेसात, असे ठरत आहे. वेशभूषेचा प्रस्ताव अजून तग धरून आहे. भाड्याचे कपडे आणायचे नाहीत आणि ज्याला हवे त्याने घरातलीच एखादी वस्तू आणावी, अशी तडजोड मी सुचवली आहे. गावातील दोन आज्यांशी बोलणे झाले. एक लगेच तयार झाल्या, दुसऱ्या “मला काय येते” म्हणत आहेत, परंतु त्यांची नात त्यांचे मन वळवील, असे दिसते.

दोन शंका उरल्या आहेत. आमच्याकडील हिंदीभाषक पालकांना मराठी पुस्तके कितपत उपयोगी पडतील? आणि ग्रंथपालांनी शेवटी मुलांनी पुस्तक घरी न्यावे असे लिहिले आहे. आमच्या ग्रंथालयाच्या प्रभारी शिक्षिका त्याला राजी नाहीत. पुस्तके हरवली तर लेखापरीक्षणात त्यांच्यावर येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. अनामत रक्कम घ्यावी का?

नौपाडा_ग्रंथपाल

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानुसार सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक झाले आहे, आणि तुमच्या शाळेत तर ती शिकण्याचीच भाषा आहे. म्हणजे त्या घरांत मराठी सर्वांत चांगले येणारी व्यक्ती ही बहुधा ते मूलच असते. त्याने मराठीत वाचावे आणि आईला हिंदीत किंवा भोजपुरीत समजावून सांगावे. लिपी देवनागरीच असल्याने हिंदी वाचता येणाऱ्या पालकांना अक्षरे ओळखीची वाटतातच. ‘स्टोरीवीव्हर’वर अनेक गोष्टी हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहेत, अशा पाच-सहा गोष्टींच्या जोड्या छापून शेजारी शेजारी ठेवाव्यात.

प्रभारी शिक्षिकांची काळजी रास्त आहे आणि ती त्यांच्यावर ढकलून चालणार नाही. अनामत मात्र घेऊ नका. पन्नास रुपयांची अनामतदेखील ज्याला अडचणीची वाटते, तो पालक पुस्तक न घेता निघून जातो आणि कारण सांगत नाही. त्याऐवजी घरी न्यायच्या पुस्तकांचा संच मुख्य ग्रंथालयापासून पूर्णपणे वेगळा करावा. छापून घेतलेल्या चित्रकथा आणि पालकांनी देणगी म्हणून दिलेली पुस्तके शाळेच्या दाखल नोंदवहीत चढवू नयेत. ती पालक-शिक्षक संघाची वाचनपेटी म्हणून ठेवावीत आणि तसा ठराव समितीच्या इतिवृत्तात घ्यावा. मग त्यांतील पुस्तक हरवले तरी शिक्षिकांना उत्तर द्यावे लागत नाही. ग्रंथालयाची पुस्तके त्या संध्याकाळी वर्गातच वाचली जातील आणि मोजून कपाटात जातील.

पेटीसाठी शंभर पानी वही पुरते. मुलाचे नाव, इयत्ता, पुस्तकाचे नाव, नेल्याची तारीख आणि आणल्याची तारीख एवढेच रकाने आखावेत, आणि नोंद चौथीतील मुलांना करू द्यावी. पंधरा दिवसांनी पुस्तक बदलून मिळेल, असे त्याच वेळी सांगावे, आणि त्या देवघेवीसाठी शाळा सुटताना अर्धा तास बसणाऱ्या दोन पालकांची नावे आधीच निश्चित करावीत. ही नावे नोव्हेंबरपूर्वी मिळाली नाहीत, तर घरी पुस्तक देण्याचे यंदा जाहीर करू नये. काही पुस्तके परत येणार नाहीत, काहींची पाने सुटतील. सुटलेल्या पानांसाठी पेटीतच चिकटपट्टी आणि कात्री ठेवावी, आणि न आलेल्या पुस्तकांसाठी मुलाला एकदा, फक्त एकदा आणि वर्गासमोर नव्हे, आठवण करून द्यावी.